मयताच्या कापडाचा रंग

अफ्रियेचं राजदूतपण एका फोटोपायी अडलं.

परदेश खात्यात केस पांढरे केलेली बाई. चार देशांत तिनं साहेबांच्या भाषणातल्या चुका निस्तरल्या, त्यांच्या बायकांचे रुसवे काढले. आता ब्राझीलला तिचंच नाव जाणार, असं राजधानी अक्रापासून तिच्या तेचिमान गावापर्यंत सगळे धरून चालले होते. तिच्या मावशीनं, अचिआनं, तर बाजारात सांगूनही टाकलं होतं. अचिआ म्हणजे तेचिमानच्या केळीबाजाराची राणी. कुणाचा ट्रक आधी रिकामा व्हायचा ते ती ठरवायची, आणि अख्ख्या बाजाराचं मत कुणाला जायचं तेही. गेल्या खेपेला ते ढोल पक्षाला गेलं होतं, आणि ढोलवाले गादीवर बसले होते.

तरी एका दुपारी ढोलवाल्यांचा चिटणीस यिआदोम घरी आला, पाणी प्याला आणि मान खाली घालून म्हणाला, नाव अडलंय. अफ्रिये होडीवाल्यांची आहे असं वर कळलंय, आणि पुरावा आहे. त्यानं मोबाइल पुढे केला. फोटोत अफ्रिये निळ्या-पांढऱ्या कापडात उभी होती. निळा-पांढरा हा विरोधातल्या होडी पक्षाचा रंग.

अचिआनं मोबाइल लांब धरला, जवळ धरला. फोटो तिच्या ओपोंगमामांच्या मयताचा होता. तरणं माणूस गेलं तर लाल-काळं नेसायचं, आणि भरल्या घरातून नव्वदीचा म्हातारा गेला तर निळं-पांढरं, हे तेचिमानात शेंबड्या पोरालाही कळतं. यिआदोमनं तर त्याच मांडवात दोनदा जोलोफ भात वाढून घेतला होता.

"मग तू सांगितलं नाहीस त्यांना?"

"सांगितलं, आई. ते म्हणाले, मेलेल्या म्हाताऱ्याचं मत कुणाला होतं ते आधी बघा."

मग तो मुद्द्यावर आला. अफ्रियेनं रेडिओवर एवढंच म्हणायचं, की कापड माझं नव्हतं, घरच्यांनी बळंच गुंडाळलं, आणि म्हातारा काही जवळचा नव्हता. म्हटलं की उद्या नाव पुढे सरकेल.

अफ्रिये दारात उभी होती. ती हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. अचिआला तेच लागलं. ज्या ओपोंगमामांनी हिला हात धरून शाळेत नेलं, त्यांना परकं म्हणायला ही मनात शब्द जुळवत होती. आणि पोरीचा सगळा जन्म त्या एका खुर्चीशी येऊन अडकलाय, हेही मावशीला दिसत होतं.

"तू तोंड उघडू नकोस," अचिआ म्हणाली. "ज्यानं नाव अडवलंय त्याला मी सांगते."

सकाळी केळीबाजार बंद. मयताला सगळ्या कुळानं आणि बाजारानं एकाच ताग्यातलं कापड घेतलं होतं, रीतच ती. तेच नेसून बायका ढोलवाल्यांच्या कचेरीवर निघाल्या. पहारेकऱ्यानं ते निळं-पांढरं येताना पाहिलं, फाटक लावून घेतलं आणि पोलिसांना फोन केला. होडीच्या बायकांनी ढोलाच्या कचेरीवर हल्ला केला, असं गावच्या रेडिओनं सांगून टाकलं. होडीवाल्यांच्या पुढाऱ्यानं लगेच त्याच रेडिओवर आपल्या शूर बहिणींचे आभार मानले आणि अफ्रियेही आमचीच बहीण, असंही म्हणाला. त्यातली एकही बाई त्यानं उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

बायका रस्त्यावर बसल्या आणि मयताची गाणी म्हणू लागल्या. माडीवर ढोलवाल्यांचा अध्यक्ष अम्पोन्सेम पडद्याआडून बघत होता. अचिआनं मागच्या रांगेतून एका बाईला हाताला धरून पुढे आणलं. ती तिवा, तिच्याच कुळातली भाची, अम्पोन्सेमची बायको. अंगावर तेच कापड.

"अम्पोन्सेम, खाली ये बाबा. तुझ्या बिछान्यात होडी शिरलीय, ती तरी ओळख."

पोलीस हसले. अम्पोन्सेम खाली आला, बायकोकडे न बघता. नाव आजच पुढे पाठवतो म्हणाला. मग हळूच मावशीच्या कानाशी लागला.

"मावशी, तेवढा एक शब्द द्या. अफ्रिये आपल्या पक्षाची आहे ना?"

"पक्षाची असती तर तिला काम आलं असतं का?"

नेमणूक झाली. सोबत यिआदोमचा मेहुणा कारकून म्हणून निघाला. बाईसाहेब कोणत्या रंगाचं नेसतात ते कळवत राहायचं, एवढंच त्याचं काम. परवापर्यंत बहीण म्हणणारा होडीवाला पुढारी आता रेडिओवर तिला ढोलाची बटीक म्हणत होता, आणि आमचं राज्य आलं की पहिलं हिलाच परत बोलावू, अशी धमकीही देत होता.

अफ्रिये पेटी भरता भरता थांबली.

"मावशी, मी रेडिओवर मामांना परकं म्हटलं असतं गं."

"ठाऊक आहे," अचिआ म्हणाली. "उगीच का बाजार बंद केला?"