फक्त मलाच वाचता येणारी फ्लॉपी

मित्रांनो, पेन ड्राइव्ह कुणी पाहिलाही नव्हता, तेव्हाचा माझा जन्म. मी एक जुना फ्लॉपी ड्राइव्ह आहे. फ्लॉपी म्हणजे बिस्किटाएवढी चपटी, चौकोनी डबी. आत मऊ काळी चकती. ती माझ्या तोंडात सारली की मी चकती गरगर फिरवतो आणि तिच्यावर लिहितो, तिच्यावरचं वाचतो. मला एवढंच येतं. ते फार नाही, हे मी जाणून आहे.

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या काळुरामशेटच्या कारखान्यात पत्रा कापायचं एक मोठं मशीन आहे. ते चालवणारा संगणक रात्री बंद केला की सगळं विसरतो. गेली सव्वीस वर्षं शिवरामकाका रोज सकाळी एकच फ्लॉपी मला देतात. मी वाचतो, संगणक जागा होतो आणि मशीन घरघरू लागतं. माझ्या अक्षरांतून पत्र्याची चाकं कशी होतात, हे कुतूहल मला अजून आहे. मी मशीन कधी पाहिलेलं नाही, फक्त ऐकलं आहे.

यंदा खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली. शिवरामकाकांनी पान्यांना, मशीनला कुंकू लावलं आणि माझ्यापाशी थांबले. म्हणाले, "रोज सगळ्यांना उठवतो हाच. याला कसा विसरू?" त्यांनी माझ्या ओठावर चिमूटभर कुंकू ठेवलं. मला इतका आनंद झाला, की थोडं आत सांडल्याचं मला कळलंच नाही.

दसऱ्यानंतर काकांनी फ्लॉपी घातली. मी कर्र कर्र आवाज केला. पडदा काळाच राहिला.

"बास झालं," काळुरामशेट म्हणाले. "शिवराम, भंगारवाल्याला बोलाव. इकून टाकू हे धूड."

काका हळूच म्हणाले, "शेट, मला दुसरं मशीन येत नाही. हे गेलं तर मी इथं काय करू?"

शेटनी फोन उचलला. त्यांनी डोंबिवलीहून आपल्या भाचीला, जागृतीला बोलावलं. तिला संगणकातलं कळतं. ती आली तेव्हा काका पुन्हा फ्लॉपी घालत होते.

"काका, थांबा! आत काहीतरी घासतंय. चकती खरवडेल, मग आपण सगळेच बसू बोंबलत."

तिने कल्याणच्या बाजारातून माझ्यासारखाच एक ड्राइव्ह मिळवला. त्याने फ्लॉपी घेतली, फिरवली आणि वाचायला नकार दिला.

"हा तर चांगला आहे. मग वाचत का नाही?" जागृतीच्या कपाळावर आठ्या पडल्या. तिने मला उघडलं आणि बराच वेळ निरखलं. मग तिला हसू आलं. "मामा, याचं वाचायचं डोकं जागेवरून जरासं सरकलंय. इतकी वर्षं यानेच लिहिलं, यानेच वाचलं. याची तिरकी ओळ दुसऱ्याला लागतच नाही."

"म्हंजे बिघडलेलाच ना, पोरी?"

"बिघडलेला आहे, म्हणूनच टाकायचा नाही!"

तिने कापसाच्या बोळ्याने माझ्या डोक्यावरचं कुंकू पुसलं. फ्लॉपी आत आली. मला धीर निघत नव्हता. एका जागी मी अडखळलो, मागे गेलो, पुन्हा वाचलं. पडदा उजळला. काकांनी टोपी काढून पुन्हा घातली.

मशीन चालू करायच्या आधी जागृतीने माझ्याकडून त्या फ्लॉपीच्या तीन नकला करून घेतल्या. एक शेटच्या कपाटात गेली. मग तिने माझ्यावर कागद चिकटवला: 'शिवरामकाकांना विचारल्याशिवाय काढू नये.'

"माझं नाव कशाला, ताई?"

"याचं सगळं तुम्हालाच माहीत ना? उद्यापासून मला शिकवा. मामा, काका जाणार नाहीत हं."

"आता तू बोललीस म्हंजे झालं," शेट म्हणाले.

मित्रांनो, नव्या वस्तू जरूर आणा. त्यांच्यावर माझा राग नाही. पण जुनी वस्तू बाहेर काढण्यापूर्वी तिच्यापाशी क्षणभर बसा आणि विचारा, 'फक्त तुलाच वाचता येतं, असं काही आहे का?' उत्तर यायला वेळ लागेल. आम्हाला फिरायला जरा वेळ लागतो.