शांतारामांनी सुधारलेली वही

सुधन्वा डेंग्यूनं गेला, आठ दिवसांत. दिल्लीत मुनिरक्यातली त्याची भाड्याची खोली रिकामी करताना आईला, कुमुदताईंना, एक वही सापडली. ऑर्गनवर वाजवायची चार भागांची रचना, शिसपेन्सिलीनं लिहिलेली, वर ‘बाबांसाठी’. बाबा म्हणजे शांताराम साळवी, नोकरी सांभाळून चर्चमध्ये तीस वर्षं ऑर्गन वाजवणारे. पोराच्या स्मरणसभेत हीच वाजवायची, शांतारामांनी तिथंच ठरवलं.

आता माणसानं गुमान वाजवावं की नाही? पण छे! जन्म गेला सरकारी कचेरीत दुसऱ्यांचे ड्राफ्ट सुधारण्यात, ती खोड थोडीच जाते? घरी पहिलं पान उघडलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला. सा आणि प यांच्याइतक्या अंतरावरचे दोन स्वर जोडीनं वर जातात, जोडीनंच खाली येतात, पानंच्या पानं! ज्या पुस्तकांवरून शांतारामांनी ऑर्गनच्या परीक्षा दिल्या, त्यांत याला सक्त मनाई. याच चुकीसाठी लहानपणी त्यांनी सुधन्वाला दोन लगावल्याही होत्या.

“लोक हसतील गं त्याला,” ते कुमुदताईंना म्हणाले. “गेल्यावर तरी कुणी हसू नये.”

तीन दिवस ते त्याच वहीत खोडरबरानं पुसत होते, रडत होते आणि पुन्हा लिहीत होते. सगळं नियमात बसलं, तेव्हा महिन्याभरात पहिल्यांदा त्यांच्या जिवाला जरा बरं वाटलं.

सभेच्या आदल्या सकाळी ते चर्चमध्ये सरावाला बसले. स्वरूपा ऐकायला आली होती. तिचं आणि सुधन्वाचं लग्न ठरल्यातच जमा होतं. अर्धं पान झालं नाही तोच ती उठून जवळ आली.

“काका, हे काय वाजवताय?”

“त्याचंच. जरा साफ केलंय, चुका फार होत्या.”

तिनं वही ओढून घेतली आणि पानं उलटली.

“त्या चुका नव्हत्या हो! हजार वर्षांपूर्वी युरोपातल्या चर्चमध्ये असंच गायचे, सा-पची जोडी धरून. तेच त्याला आजच्या ऑर्गनवर आणायचं होतं. दोन वर्षं राबला. म्हणायचा, बाबांनी ऐकलं की त्यांना पटेल.”

“दुसरी प्रत असेल ना?”

“नाही. पक्कं झालं की कंप्युटरवर चढवणार होता.”

मग दोघं वहीवर वाकले. जिथं प पुसलाय तिथं प ठेवायचा, बिल्कुल सोपं, असं स्वरूपाला वाटलं. दोन ओळी जमल्याही. तिसरीपासून शांतारामांनी जोडीतले ‘सा’सुद्धा हलवले होते. पान उजेडाला धरलं, तिरपं धरलं. मेलं खोडरबर कचेरीतलं, चांगल्या प्रतीचं!

“कुठला माझा, कुठला त्याचा, मला आता सांगता येत नाही गं,” शांताराम म्हणाले. मान काही त्यांना वर करवेना.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून नातेवाईक आले, चर्च भरलं. शांतारामांनी वहीत होतं ते वाजवलं. स्वरूपा पहिल्याच भागात उठून बाहेर गेली.

सभा संपल्यावर पाद्रीसाहेबांनी त्यांचे दोन्ही हात धरले. “साळवी, क्या बात है! डोळे मिटले तर वाटावं, तुम्हीच लिहिलंय. पोरगा अगदी बापावर गेला होता हो.”

“नव्हता गेला,” शांताराम म्हणाले.

पाद्रीसाहेबांना वाटलं, विनयानं म्हणतोय. त्यांनी पाठ थोपटली.