तारेनं बांधलेली कमान

मी बोलतेय, ट्रॅक्टरच्या सीटमागची लोखंडी कमान. उभी असले की चालवणाऱ्याच्या डोक्याच्याही वर जाते मी. आत्ता मात्र मला मागे आडवी पाडून तारेनं करकचून बांधलंय, आणि ट्रॅक्टर निघालाय उतारावरचं गवत कापायला. मग बोलू नको तर काय करू?

माझं काम एकच. ट्रॅक्टर उलटलाच, तर त्याचा भार अंगावर घ्यायचा आणि चालवणाऱ्यापुरती जागा राखायची. सीटचा पट्टा माझा जोडीदार. तो माणसाला त्या जागेतून बाहेर फेकलं जाऊ देत नाही. दोघांपैकी एक नसेल तर दुसऱ्याचा उपयोग नाही.

धन्याच्या शेडचं दार बुटकं. आत जाताना मला पाडायचं, बाहेर आलं की उभं करायचं. सुरुवातीला त्यानं नेमानं केलं. मग ‘आज सपाटीवरच तर जायचंय’ म्हणून एकदा राहिलं, आणि राहिलं ते राहिलंच. आडवी पडून खडखडायला लागले तर त्यानं तार आणली! माझ्यावर पाण्याची बाटली लटकायला लागली, पिशवी लटकायला लागली. जीव वाचवायला आले होते हो मी, आणि खुंटी झाले.

“अहो, ही उभी ठेवायची असते ना?” बायको एकदा म्हणाली.

“मी काय आज पहिल्यांदा ट्रॅक्टर चालवतोय?” झालं, विषय संपला.

हात चांगलाय त्याचा, खोटं कशाला बोलू? गवत कापण्याआधी सगळा उतार पायी फिरून खड्डे, खुंट बघणार. चालवणार सरळ वर-खाली, आडवा कधीच नाही. तरी एकदा गवतात लपलेल्या खड्ड्यात चाक गेलं आणि दुसरं अधांतरी झालं. कसंबसं टेकलं. धनी पांढराफटक पडला, माझ्यावरची बाटली काढून घटाघटा पाणी प्यायला. घरी अवाक्षर बोलला नाही. तारेलाही हात लावला नाही.

परवा तो शिडीवरून पडला. पाय प्लास्टरमध्ये. त्यातच पलीकडच्या टेकडीवर वणवा लागला, आणि आमच्या उतारावरचं वाळलं गवत तर थेट स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकलेलं. बायकोनं किल्ली उचलली.

“तुम्ही बसा गप्प. सपाटीवर चालवते ना मी?”

दारात खुर्ची टाकून त्यानं सगळं सांगितलं. “वर-खालीच जा गं. आडवी वळू नकोस. घाई करू नकोस.” माझं नाव नाही काढलं. विसरलाच होता मला! ती त्याच्याकडूनच शिकलेली. पट्ट्याचं बक्कल टोचतं म्हणून त्यावर उशी टाकायची, तशी टाकली आणि बसली.

दोन फेऱ्या छान झाल्या. वरच्या कडेला गवताचा एक पट्टा उरला. तेवढ्यासाठी कुठे खाली जाऊन परत या, म्हणून तिनं ट्रॅक्टर आडवा घातला.

आणि तेव्हा धन्याला दिसलं. इतकी वर्षं तो सीटवरच बसलेला, कामावरचा ट्रॅक्टर बाहेरून त्यानं कधी बघितलाच नव्हता. तिच्या डोक्यावर काहीच नव्हतं. नुसतं आभाळ.

“थांब! अगं थांब! कमान!” कुबडी टाकून भिंतीला धरत तो उभा राहिला. इंजिनाच्या आवाजात काय ऐकू जाणार? तिला वाटलं, कौतुक करतोय. हसून तिनं हात हलवला. “बसा हो, जमतंय मला!”

वरच्या बाजूचं चाक हलकं होतंय, मला कळतंय. बाई गं, तुझ्या पाया पडते, वेग कमी कर. हळूच तोंड खाली वळव, सपाटीवर ये आणि मला सोडव. एक तार तर तोडायचीय.

पक्कड तुझ्याच सीटखालच्या डब्यात आहे गं.