दहाचा बोल्ट

मुअत्तरने चौथ्यांदा हात आत घातला आणि चौथ्यांदा तो मनगटाशी अडकला. बोटांच्या टोकांना काहीतरी लागत होतं, पण ती स्टार्टरची वायर होती की नुसती इंजिनाची कड, कोण सांगणार! तिने हात ओढून काढला. करंगळीचं सालपट निघालं होतं.

"मेली, खडूस, डबडी गाडी!"

"शिव्यांनी चालू झाली असती तर तुला पहाटेच उठवलं असतं," आई तंदूरपाशून म्हणाली. ती साठ गरम नानांवर चादर पांघरत होती. लग्नघरचा सकाळचा पुलाव वाढायच्या आत ते पोचायला हवे होते, आणि किल्ली फिरवली की गाडी नुसती 'टक' म्हणत होती.

बॉनेटच्या कडेला टेकवलेल्या फोनमध्ये बाबा होते. तीन वर्षं ते असेच, तळहाताएवढे, रशियातल्या कुठल्याशा बांधकामावर. या नवरोजच्या सणाला नक्की येतो म्हणाले होते. नवरोज नऊ दिवसांवर आला होता, म्हणून तर मुअत्तरने परवा गाडी चाकांच्या फटींपर्यंत घासली होती. बॅटरी गारठून मरू नये म्हणून थंडीभर ती रोज संध्याकाळी घरात आणून ठेवली होती, तीही बाबांसाठीच. 'या गाडीचा नटन् नट मला पाठ आहे,' असं ते अख्ख्या गल्लीला सांगत असत.

"वरून हात जाणारच नाही, पोरी. आधी एअर फिल्टरचा डबा काढ."

"कसा?"

"चार क्लिपा दाबायच्या, की डबा हातात."

मुअत्तर वाकली. "क्लिपा नाहीत, बाबा."

"आहेत. नीट बघ. उजवीकडे, बॅटरीच्या मागे."

"बॅटरी डावीकडे आहे!"

"तुला उजवं-डावं तरी कळतं का? आईला बोलव."

"आई नानांत आहे. आणि कळतं मला! बॅटरी डावीकडे आहे, आणि डब्याला बोल्ट आहेत. बोल्ट!"

"अगं, मला शिकवतेस? गेल्या रविवारीच काढून लावलाय मी तो, या दोन हातांनी! पाच मिनिटांचं—"

बाबा थांबले.

रविवारीसुद्धा कामावर असतो, असं ते म्हणायचे. नऊ जणांच्यात एक पत्र्याची खोली आहे, कामावर बसने जातो, असंही म्हणायचे.

"कुणाच्या गाडीचा?" मुअत्तरने विचारलं.

"मुकादमाच्या. ते जाऊ दे. तू असं कर—"

"नवरोजला येताय ना?"

"बघू या. इथे काम फार... हॅलो? आवाज तुटतोय गं तुझा."

"तुमचा तर स्वच्छ येतोय!" ती इतक्या जोरात ओरडली की भिंतीवरची मांजर उडी मारून पळाली. तिने फोन उचलला आणि पिठाच्या पोत्यावर पालथा टाकला. त्यातून बाबा थोडा वेळ हॅलो हॅलो करत राहिले, मग गप्प झाले.

डबा समोरच होता. दोन बोल्ट, आणि तिसऱ्याच्या जागी तांब्याची तार. जायच्या आदल्या दिवशी बाबांनीच बांधली होती ती. तेव्हा मुअत्तर टॉर्च धरून उभी होती. 'परत आलो की बोल्ट लावतो,' ते म्हणाले होते आणि तिचं नाक तेलकट बोटाने रंगवलं होतं.

तिने पक्कड घेतली आणि तार कचकन तोडली.

मग पुढचं सगळं रागानेच झालं. बॅटरीची काळी वायर सोडवली. दोन्ही बोल्ट काढून डबा उचलला. खाली तोंड वासून मोकळी जागा! हात कोपरापर्यंत सरळ आत गेला. जाड वायरीचा नट सापडला, चक्क बोटाने फिरत होता. "एवढंच होतं तुझं? एवढ्यासाठी?" असं म्हणत तिने तो इतका करकचून आवळला की पाना तळव्यात रुतला. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात नव्हता, म्हणून ते तिने खांद्याला पुसलं. डबा परत जागेवर बसवला, आणि खिळ्यांची बरणी जमिनीवर उपडी करून तारेच्या जागी दहाचा बोल्ट शोधला. बसला.

काळी वायर जोडून झाल्यावर आईने किल्ली फिरवली. गाडी खाकरली आणि सुरू झाली.

मागच्या सीटवर नान, पुढे त्या दोघी. कालव्याच्या पुलापर्यंत मुअत्तरने कसंबसं तोंड मिटून धरलं.

"आई, बाबांना आपली गाडी आठवत नाही. दुसरीच कुठलीतरी सांगत होते. मुकादमाची म्हणे."

आईने आरसा सारखा केला. तो सारखाच होता.

"लाल आहे ती," आई म्हणाली. "मागे लहान बाळाची खुर्ची आहे."

मुअत्तरने तिच्याकडे पाहिलं. आई रस्त्याकडे बघत होती. तिच्या भुवयांवर अजून पीठ होतं.

"कधीपासून..."

"मागच्या हिवाळ्यापासून." पुढे एक गाढवगाडी चालली होती. आईने हॉर्न न देता शांतपणे तिला मागे टाकलं. "डब्याला तार परत बांधलीस का?"

"नाही. बोल्ट लावला."

"घट्ट?"

"खूप."

"मग तार कुठे आहे?"

मुअत्तरने खिशातून ती काढून तळव्यावर धरली.

आईने एका हाताने स्टिअरिंग सांभाळलं, दुसरा हात तिच्या पुढून लांब केला, आणि तिच्या बाजूची काच हळूहळू, दांडा फिरवत, पूर्ण खाली केली.