पुढारीणबाईंची वाट

सायकलच्या कुलपाची किल्ली लेकीने आपल्या जुडग्यात अडकवून टाकली होती. ती परत मिळायला अट एकच. वाट दाखवणारं यंत्र घ्यायचं, आणि ते वापरून दाखवायचं. नाहीतर सायकल विसरायची.

तिचं तरी काय चुकलं? आई गेल्यावर बाप एकटाच तळ्याकडे निघाला आणि पोचला दगडाच्या खाणीत. सायकलसकट त्याला टेम्पोत घालून आणावं लागलं.

"जन्मभर त्याच तळ्यावर जाताय बाबा, आणि वाट माहीत नाही?"

खरंच नव्हती. चष्मे बनवण्यात आयुष्य गेलेला हा माणूस. सुटीच्या दिवशी नवराबायको सायकलने तळ्यावर जात. ती पुढे, हा मागे. तो तिला पुढारीणबाई म्हणायचा. रस्ता त्याने कधी पाहिलाच नाही. पाहिली ती तिची पाठ, निळं जाकीट, आणि वळणाआधी बाहेर येणारा हात. हात जिकडे, तिकडे हा. आता हात नव्हता, आणि सगळ्या वाटा सारख्याच दिसत होत्या.

सायकलच्या दुकानात दुकानदारबाईंनी काउंटरवर तीन जीपीएस मांडले. एक मोठा, चकचकीत. दुसरा घड्याळाएवढा. तिसरा जाडजूड, बटणांचा, कपड्याच्या साबणाच्या वडीसारखा.

"हा घ्या," लेकीने चकचकीत पुढे सरकवला. "बोलतोसुद्धा."

"बोलणारं माणूस घरात आहे, तेवढं पुरे."

"कळला हं टोमणा."

त्याने तिन्ही उचलले आणि सरळ फुटपाथवर उन्हात नेले. भिंग तपासावं तसं एकेक यंत्र तिरकं करून पाहिलं. चकचकीत यंत्राचा उन्हात आरसा झाला. त्यात त्याला स्वतःचंच नाक दिसलं. घड्याळाएवढ्याची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. जाडजूड यंत्राचं मात्र उलटं. जितकं ऊन जास्त, तितका नकाशा स्वच्छ.

"ज्याने हा पडदा केला ना, त्याला डोळा कळतो," तो कौतुकाने म्हणाला. "हातमोजे घातले असले तरी बटण दाबता येतं. पण वाटा दाखवतो का?"

"घोडामैदान जवळच आहे काका," बाई हसल्या. "चला, तळ्यापर्यंत जाऊन बघू."

दुकान नवऱ्याच्या गळ्यात घालून बाई आपली सायकल घेऊन निघाल्याच. चकचकीत आणि जाडजूड, दोन्ही यंत्रं त्यांनी काकांच्या हँडलला बसवली. लेकीने दुकानातली भाड्याची सायकल घेतली आणि बापाच्या सायकलचं कुलूप काढताना बजावलं, "किल्ली माझ्याकडेच राहणार."

तो पहिल्यांदाच पुढे होता. समोर पाठ नाही, जाकीट नाही, नुसता रस्ता. पण पायडल मारत राहिला.

टेकडीच्या पायथ्याशी फाटा आला. चकचकीत यंत्र गोड आवाजात म्हणालं, सरळ जा. सरळ म्हणजे टेकडीवरून. बाकी त्याच्या नकाशात नुसता हिरवा रंग. जाडजूड यंत्रात मात्र त्या हिरव्यात ठिपक्याठिपक्यांच्या तीन बारीक वाटा होत्या. तो खाली वाकून एकेक वाचू लागला.

"ही खाणीत जाते. ही माझी."

मागून लेक खुदकन हसली.

"ही कुंपणापाशी संपते. आणि ही लाँड्रीच्या मागून टेकडीला वळसा घालून तळ्यावर." त्याने डावा हात बाहेर काढला. "मग हीच ती."

लाँड्रीच्या मागे साबणाचा वास आला आणि कपडे वाळत घालायच्या तारा दिसायच्या आधीच त्याची मान खाली गेली. ती इथेच वाकायची, म्हणून हाही वाकायचा. मानेला वाट ठाऊक होती. मग ओढ्यावरची फळी आली, बांबूचं कुंपण आलं, आणि तळ्याकाठचा तो बाक. तिघं त्यावर टेकली.

बाईंनी जाडजूड यंत्र समोर धरलं. आल्या वाटेची जाड रेघ त्यावर उमटली होती.

"काका, या बारीक रेघा उंचीच्या. रेघा ओलांडल्या की चढ किंवा उतार. बघा, सरळ रस्ता सगळ्या रेघा कापत वर जातो. आणि तुमची वाट..." त्या थबकल्या. "एका रेघेला धरून आलीय. कुठेच चढ नाही. कोणी आखली हो ही?"

तो बघतच राहिला. आधी दोघं टेकडीवरूनच जायची. मग त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तो अंथरुणाला खिळला, आणि ती म्हणायची, "जरा फिरून येते." तो बरा झाला तेव्हापासून हा वळसा. सरळ सोडून वाकड्यात शिरायची पुढाऱ्यांची खोडच, असं तो चिडवायचा.

"आई म्हणायची, त्या वाटेला सावली आहे," लेक म्हणाली.

"सावली? एक झाड नाही गं वाटेत." तो हसला आणि डोळे पुसले. "गुडघ्याचं नाव काढलं असतं तर मी हट्टाने टेकडीच चढलो असतो. ओळखून होती मला. यंत्र नाही, नकाशा नाही. एकटीने सगळ्या वाटा पायाखाली घातल्या असणार."

"म्हणजे कुंपणापर्यंतही गेली असेल."

"आणि खाणीतसुद्धा!" म्हातारा एकदम ताठ बसला. "तिला टेम्पो लागला नाही, एवढंच."

"हाच देते ना काका?" बाईंनी विचारलं. "वाट जपून ठेवते यात. नाव काय घालू?"

"पुढारीण."

बाई बटणं दाबून अक्षर अक्षर घालत होत्या. लेक जुडग्याशी खटपट करत होती. कडी घट्ट होती, नख मोडलं, पण किल्ली निघाली. तिने ती बापाच्या तळहातावर ठेवली.

"पुढच्या सुटीला मीही येणार."

"ये की. पण मागे राहायचं," तो किल्ली खिशात घालत म्हणाला. "आणि हाताकडे लक्ष ठेवायचं."