हिरवळीवर विनाकारण फिरू नये

आमचं चारा संशोधन केंद्र हुडकेश्वरच्या रस्त्याला होतं आणि तिथं चारा सोडून बाकी सगळ्याचं संशोधन चालायचं. मागच्या प्लॉटांतलं गवत उभ्या उभ्या वाळलं तरी कुणाला त्याचं सोयरसुतक नसे. पण ऑफिससमोरच्या दोन एकर हिरवळीत एखादा तुरा वर आलेला दिसला, की आमचे अधीक्षक चंपतराव साहेब चष्मा पुसत व्हरांड्यात येत आणि मला हाक मारत. मी तिथला हेडक्लार्क, सगळ्यांचा बडे बाबू. वरून आलेला पाहुणा गाडीतून उतरला की आधी त्याला हिरवळ दिसायची आणि बहुतेक पाहुणे तिथंच चहा पिऊन परत जायचे. त्यामुळे साहेबांचं सगळं लक्ष त्या दोन एकरांत असायचं.

एकोणऐंशी साली परदेशी मदतीत एक यंत्र आलं. ट्रॅक्टरच्या मागं जोडायचं, वर लोखंडी झाकण, झाकणाखाली तीन पाती. ट्रॅक्टरच्या जोरावर एक दांडा फिरायचा, त्या दांड्यावर पाती फिरायची आणि गवत एका उंचीत कापलं जायचं. पुस्तकात त्याचं नाव होतं फिनिशिंग मोवर. आम्ही नुसतं मोवर म्हणायचो. पुस्तक इंग्रजी होतं. साहेबांनी ते आपल्या कपाटात काचेआड उभं करून ठेवलं, पाहुण्याला नाव वाचता येईल असं. ते उघडून वाचलं एकट्या रुपरावनं. रोज दुपारी मागून घ्यायचा, माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर डबा खात खात शब्दकोश चाळायचा आणि अडलं की मला विचारायचा. मला कुठलं येतंय! मी दटावून सांगायचो, "पुढचं वाच, आपोआप कळते."

रुपराव आमचा ट्रॅक्टर ड्रायव्हर. त्याचा बाप छप्पन साली पारशिवनीहून दीक्षेसाठी नागपुरात आला आणि इथंच राहिला. रुपराव नऊ वर्षं रोजंदारीवर होता. त्याला कायम करायचा कागद मीच टाइप केला होता आणि तो साहेबांच्या टेबलावर पेपरवेटखाली सहीची वाट बघत पडला होता. साहेब दर सणाला म्हणत, "करू रे, करू." त्या एका सहीवर त्याचं सगळं अडलं होतं. कायम झाला तर कौसल्येला, त्याच्या बायकोला, दुसऱ्यांची धुणीभांडी सोडता येणार होती. हे मला माहीत होतं. साहेबांनाही माहीत होतं, म्हणून तर कागद पेपरवेटखाली होता.

मोवरशी तो ज्या रीतीनं वागे ती बघून आम्ही हसायचो. पात्यात गवत अडकलं, की आधी दांडा थांबवायचा दट्ट्या ओढायचा, मग इंजिन बंद, मग किल्ली काढून शर्टाच्या आतल्या खिशात. मोवर वर उचलून खाली लाकडाचे दोन ओंडके सारायचा आणि मगच हात घालायचा. एवढं करेपर्यंत दुसऱ्यानं अर्धी हिरवळ कापली असती. पातं घासून झालं, की भिंतीतल्या खिळ्यावर मधोमध अडकवून बघायचा. एक बाजू खाली गेली तर ती पुन्हा घासायची. रोज सकाळी ग्रीस, दर आठवड्याला यंत्राचे पट्टे तपासायचे. आमचा स्टोअरकीपर मार्तंड त्याला म्हणायचा, "काहून गा, लेकराले न्हाऊमाखू घालून राहिला का?"

आणि सगळ्यात मोठं हसू म्हणजे त्याचं चालणं. कापायच्या आधी चपला काढून तो अख्खी हिरवळ पायांनी तुडवायचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग वळून शेजारच्या पट्ट्यातून परत. खडा, तार, खिळा, फुटकी कपबशी, जे पायाला लागेल ते टोपल्यात. पाऊण तास जायचा. मी एकदा विचारलं, "डोळ्यांनी दिसत नाही का रे?"

"गवतात डोयाले नाही दिसत, बाबूजी. पायाले समजते. पात्यानं खडा उडोला तं बंदुकीच्या गोयीवानी जाते. पुस्तकात फोटू हाय."

तो फोटो मीही पाहिला होता. त्यात एक गोरा माणूस डोळ्यावर हात धरून बसलेला होता. आम्ही त्यालाही हसलो होतो.

पावसाळ्याच्या शेवटी वरून परिपत्रक आलं: सुरक्षा पंधरवडा साजरा करा. साजरं करायचं म्हटल्यावर साहेबांच्या अंगात आलं. हिरवळीच्या तोंडाशी लाल अक्षरांत बारा नियमांची पाटी लागली. गमबूट आले, सगळे दहा नंबरचे. आणि दुसऱ्याच दिवशी साहेबांना व्हरांड्यातून काय दिसलं, तर सुरक्षेच्या पाटीसमोर अनवाणी फिरणारा रुपराव.

"बाबू, मेमो काढा याला," साहेब म्हणाले. "पायांत बूट नाही म्हणजे सुरक्षेचा भंग. आणि रोज पाऊण तास नुसता हिंडतो, तेही लिहा."

मी लिहिलं. चांगलं लिहिलं, खोटं कशाला बोलू? 'हिरवळीवर विनाकारण फिरू नये. यापुढे असे आढळल्यास सेवेत कायम करण्याचा विचार होणार नाही.' शेवटचं वाक्य साहेबांच्या तोंडचं, पण घोटून सरळ केलं मी. साहेब किरकोळ कागदांवर स्वतः सही करत नसत. खाली 'करिता अधीक्षक' असं टाकून मी करायचो. अठरा वर्षं करत होतो आणि त्याचा मला अभिमान होता.

रुपरावनं मेमो दोनदा वाचला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि दहा नंबरचे बूट घातले. चालणं बंद झालं. महिनाभर तो कडेकडेनं, डोळे ताणून, हळूहळू कापत राहिला. काही झालं नाही, त्यामुळे मेमो बरोबर होता असं आम्ही ठरवून टाकलं.

मग खांडेनवमी आली. दर वर्षी आम्ही ट्रॅक्टरची पूजा शेडमध्ये करायचो. खाली सिमेंट, नारळ फोडले की झाडून घेतलं, संपलं. आणि पूजेला लागलेलं अवजार त्या दिवशी कुणी चालवत नाही, हे लहान पोराला कळतं. पण त्या वर्षी संचालक येणार होते, तेही त्याच दिवशी. साहेबांनी मोवर हिरवळीच्या मधोमध आणून उभा केला. झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, आणि मग नारळ. पहिला साहेबांनी मोवरच्या लोखंडी कडेवरच आपटला. साहेबांनी फोडला म्हटल्यावर मार्तंडनं फोडला, माळ्यांनी फोडले, मीही फोडला. सोळा माणसं, सोळा नारळ. खोबऱ्याचे मोठे तुकडे प्रसादाला उचलले. करवंट्यांच्या लहान चिपा कुठं गेल्या, ते विचारायचं कुणाला सुचलं नाही. गवत उंच होतं, पाहुण्यासमोर कापायचं म्हणून आठ दिवस राखलेलं.

रुपराव बाजूला उभा होता. तो पूजा करत नसे, पण कुणाच्या पूजेत आडवाही येत नसे. संचालक खुर्चीत बसले, साहेबांनी त्याला खूण केली, तेव्हा तो पुढं आला.

"साहेब, दहा मिनटं द्या. नारयाच्या चिपा पडल्या हायेत, येचून घेतो."

"पाहुणे बसलेत."

"म्हणूनच म्हणून राहिलो, साहेब."

मार्तंड मागून म्हणाला, "पूजेचं यंत्र आज चालवाले आमाले पाप लागन. तुले काय हाय गा? तुह्यात तं पूजाच नाही." आणि दोघंतिघं हसले. मीही हसलो.

"मले पूजेची अडचण नाही, मार्तंडभाऊ. करवंटीची हाय."

साहेबांचा आवाज गोड झाला. पाहुण्यांसमोर चिडले की तो असाच व्हायचा. "बाबू, त्याला मेमोत काय लिहिलंय ते आठवत नसेल. जरा सांगा."

मी सांगितलं. अख्खा मेमो तोंडपाठ होता मला, शेवटच्या वाक्यासकट. रुपरावनं ते ऐकून घेतलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं मला दिसलं. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. संचालकांसमोर आपण न अडखळता बोललो, याचंच मला बरं वाटत होतं.

"मंग खुर्च्या तरी मांगं घ्या, साहेब. व्हरांड्यात," तो म्हणाला.

खुर्च्या दहा पावलं पुढं आल्या, कारण मागून पाहुण्यांना नीट दिसत नव्हतं.

तो ट्रॅक्टरवर चढला. पहिला पट्टा त्यानं मुद्दाम लांबच्या कुंपणालगत घेतला. तिथंही एक खडा उडून कुंपणावर वाजला, आणि संचालकांना वाटलं यंत्राचाच तो आवाज. त्यांनी मान डोलावली. साहेबांनी हातानं बोलावलं: इकडं, जवळ. रुपरावनं नकाराची मान हलवली. साहेबांनी पुन्हा बोलावलं, आणि या खेपेला हवेत सही केल्यासारखा हात फिरवला. मी शेजारीच उभा होतो, तो हात मी पाहिला. रुपराव वळून जवळ आला.

मला नारळाची चिप दिसली नाही. कुणीतरी डाव्या भुवईवर हातोडी मारल्यासारखं झालं आणि मी हातातल्या फायलीसकट खाली बसलो. नंतर सगळे सांगत होते, मी 'मेमो, मेमो' म्हणत होतो. रुपरावनं दट्ट्या ओढला, इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि मग धावत आला. तशा घाईतही क्रम चुकवला नाही त्यानं. मला उचलून जीपमध्ये घातलं ते त्यानंच. मेडिकलला दोन टाके डोळ्याच्या आत, सात भुवईला. डोळा राहिला, पण त्यानं आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

महिन्यानं चौकशी झाली. चौकशी अधिकारी महादेवराव म्हणून होते, कोरडे, नेमके गृहस्थ. त्यांनी पहिलाच प्रश्न रुपरावला केला, "चालवण्याआधी जागा तपासायची, हे तुझ्या पुस्तकातच आहे. का तपासली नाहीस?"

रुपरावनं खिशातून चार घड्यांचा मेमो काढून टेबलावर ठेवला. "मनाई केली होती, साहेब. साहेबांनी सांगतली, बाबूजींनी लिवली."

महादेवरावांनी तो उलटसुलट पाहिला आणि चंपतराव साहेबांपुढं सरकवला. साहेबांनी चष्मा पुसला. "ही माझी सही नाही," ते म्हणाले. आणि ती नव्हतीच.

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. "असा मेमो काढायला तुम्हाला अधीक्षकांनी सांगितलं होतं?" महादेवरावांनी विचारलं.

रिटायर व्हायला मला दोन वर्षं होती. साहेबांनी आदल्याच दिवशी घरी येऊन, माझ्या उशाशी बसून, 'अपघातात जखमी निष्ठावंत कर्मचारी' म्हणून माझ्याविषयी वर लिहिल्याचं सांगितलं होतं. डोळ्याला पट्टी होती. समोर रुपराव उभा होता, आणि तो मुळीच घाबरलेला नव्हता. बाबूजी आता खरं सांगतील, अशी त्याची खात्रीच होती. माझं रक्त त्याच्या शर्टाला लागलं होतं, मग तो दुसरं काय समजणार!

"आठवत नाही," मी म्हणालो.

निकाल पंधरा दिवसांनी आला. पाहुण्याच्या सोयीसाठी खुर्च्या पुढं घेणं हे शिष्टाचाराला धरून होतं. नारळ ही धार्मिक बाब असल्यानं तिच्यात शिरण्याचं कारण नव्हतं. बडे बाबूंना समज देण्यात आली. आणि रोजंदारी ड्रायव्हर रुपराव यानं सक्षम अधिकाऱ्याची सही नसलेला मेमो पाळून जागेची तपासणी टाळली, म्हणून त्याला कामावरून कमी करण्यात आलं. मेमो मोडला असता तर आज्ञाभंगानं गेला असता, पाळला म्हणून हलगर्जीनं गेला. हा हुकूम टाइप करताना मला एकच डोळा होता, तरी एकही चूक झाली नाही.

तो त्याच्या हातात द्यायचं कामही माझ्याकडंच आलं. शेडमध्ये तो पातं घासत होता. त्यानं कागद वाचला, किल्ली खिशातून काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "नवा ड्रायव्हर आला तं त्याले सांगजा, उजव्या पात्याचा नट ढिला होते, रोज पाहावं लागते." मग हातातलं पातं खिळ्यावर अडकवलं. "बाबूजी, एक विचारू? तुमाले खरंच आठवत नोतं का?"

शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. साहेब नव्हते, महादेवराव नव्हते, कुणी लिहून घेणारं नव्हतं. खरं बोलल्यानं त्या वेळी माझं काहीसुद्धा बिघडलं नसतं.

"नाही रे," मी म्हणालो, "खरंच नव्हतं."

तो बरं म्हणाला आणि माझ्या चांगल्या डोळ्याच्या बाजूनं निघून गेला. त्यामुळे तो फाटकापर्यंत जाताना मला स्पष्ट दिसला.