हरकत नसल्यास

अखेर दादा धाकट्याशी बोलला. मधे आर्किटेक्ट मॅडम नाहीत, कागद नाही, समोरासमोर, तोंडाने. तर ते घडलंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ. दादाचंही म्हणणं तेच आहे. तो म्हणतो, मी घसा खाकरत होतो.

दादा छताला एसीच्या हवेचे पत्र्याचे डक्ट टाकतो. धाकटा त्याखाली फॉल्स सीलिंग करतो. बाप गेला तेव्हा मागे एक घोडा ठेवून गेला, म्हणजे उंचावर काम करायची ती दोन्ही बाजूंना पाय असलेली लाकडी शिडी. तो दोघांनाही हवा होता. भांडण पार विकोपाला गेलं, तेव्हा बिजागऱ्या काढून दोघांनी एकेक बाजू घरी नेली. न्याय चोख झाला. फक्त अर्धा घोडा उभा राहत नाही, त्याला भिंत लागते. तेव्हापासून दोघे आपापल्या भिंतीला टेकून काम करतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

ऑफिसांच्या त्या नव्या इमारतीत यामुळे कुणाचं काही अडलं नाही. तिथे रीतच अशी होती की ठेकेदाराने ठेकेदाराशी बोलायचं नाही. शंका आली की मॅडमच्या ऑफिसला लिहायची आणि खाली टाकायचं, 'दोन दिवसांत हरकत न आल्यास मान्य समजू.' मॅडम त्यावर 'पाहिले' असा शिक्का मारून ज्याचा कागद त्यालाच परत पाठवायच्या. 'पाहिले' म्हणजे मंजूर नव्हे आणि नामंजूरही नव्हे. गळक्या नळाबद्दल घरमालक 'बघतो' म्हणतो, तसं.

दोघे भाऊ एकाच परांचीवर, हाताच्या अंतरावर. धाकट्याचा पाना घरंगळला तर दादा तो सरकवून द्यायचा, पण पायाने. आणि डक्टचा तळ कुठे येणार हे विचारायला धाकटा खाली उतरून मॅडमना लिहायचा.

धाकट्याला या पद्धतीचा हळूहळू नादच लागला. दादाने त्याचा नंबर ब्लॉक केला होता आणि घरातलेही काही प्रश्न होतेच. म्हणून आईच्या डोळ्यातलं प्रेशर वाढलं, डॉक्टरांनी ऑपरेशनला बुधवारची तारीख दिली आणि "आता थांबायला वेळ नाही" असं बजावलं, तेव्हा त्याने कॉरिडॉरच्या उंचीबद्दलच्या कागदातच खाली दुसरा मुद्दा घातला: 'बुधवारी आईला दादाने न्यावे असे गृहीत धरले आहे. दोन दिवसांत हरकत न आल्यास मान्य समजू.'

कागद परत आला. पाहिले.

धाकटा निर्धास्त झाला.

दादानेही त्याच आठवड्यात लिहिलं होतं. धाकट्याने न्यावे असे गृहीत धरले आहे. तोही कागद परत गेला होता. पाहिले. भाऊच ते, अक्कल एकाच साच्यातून निघालेली.

आई दोघांच्या घरांच्या मधल्या गल्लीत एकटी राहायची, कुणाची बाजू घेतल्यासारखं नको म्हणून. दोघांनीही तिला वेगवेगळं येऊन तेवढंच सांगितलं, "बुधवारी तयार राहा."

बुधवारी संध्याकाळी कसं झालं विचारायला धाकटा गेला. आई दारातच बसली होती. ठेवणीतली साडी, पायात चपला, मांडीवर रिपोर्टांची पिशवी.

"आलास? आणि तो कुठेय?"

"कोण तो? दादा आला नाही?"

"तूही म्हणालास तयार राहा, तोही म्हणाला तयार राहा. मला वाटलं दोघं मिळून येताय." तिने पिशवी चाचपली. "म्हणून जरा चांगली साडी काढली."

"अगं, ते पास झालं होतं."

"कुठे?"

"ऑफिसात. कुणी हरकतच घेतली नाही."

"मला दाखवायचं होतंस. मी घेतली असती."

पुढची तारीख मिळेपर्यंत डावा डोळा गेला. उजवा आहे म्हणायला आहे.

इकडे कॉरिडॉरमध्येही तेच झालं. मॅडमनी दादाचा डक्टही पाहिला होता आणि धाकट्याचं सीलिंगही पाहिलं होतं, दोन्ही एकाच जागेत. डक्ट आधी बसला. त्यामुळे सीलिंग इतकं खाली आलं की मान वाकवल्याशिवाय तिथून जाता येईना. मालक बघायला आले तेव्हा मॅडमही वाकल्या आणि वाकूनच म्हणाल्या, "इथे मुद्दाम कमी ठेवलंय सर. पुढचा हॉल मोठा वाटतो." मालकांना ते फार आवडलं. दुसऱ्या मजल्यावरही असंच करा म्हणाले.

मंडळी हॉलमध्ये गेली. मागे दोघे भाऊ उरले, समोरासमोर माना खाली घालून. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माफी मागताहेत.

आणि जे घडलं नाही ते तेव्हा घडलं. दादा जमिनीकडे बघत म्हणाला, "कोण आलंय ते आता तिला कळत नाही रे. पाय वाजले की दोघांचीही नावं घेते."

धाकट्याच्या तोंडाशी काहीतरी आलं. पण मॅडम परत आल्या. "काही प्रॉब्लेम आहे का? असेल तर लिहून द्या."

"नाही," दादा म्हणाला आणि घसा खाकरला.

धाकट्याने मात्र लिहून दिलं.

'माननीय आर्किटेक्ट महोदया, विषय: झालेले काम काढून नव्याने करण्याबाबत. आपण पाहिलेल्या दोन कागदांनुसार गेल्या महिन्यातील बुधवार चुकीचा बसला आहे. तरी सदर बुधवार तोडून पुन्हा करण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. तोडायचे काम आम्ही दोघे मिळून करू. दोन दिवसांत हरकत न आल्यास मान्य समजू.'